ऑटोक्लेव्ह आहे, पण तो चालतो का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत टॅटू आणि पिअर्सिंगच्या वाढत्या हौसेवर लेख आला होता. लेख चांगला होता. शेवटी ग्राहकांना सल्ला दिला होता की, स्टुडिओत ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेनं हत्यारं निर्जंतुक करायचं मशीन, आहे की नाही ते बघून घ्या. त्या एका ओळीमुळे हे पत्र लिहितोय, कारण ऑटोक्लेव्ह दुरुस्त करणं हाच माझा धंदा आहे. कोडोलीच्या एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे. दातांचे दवाखाने, प्रसूतिगृहं, लॅबवाले, गुरांचे डॉक्टर ही जुनी गिऱ्हाइकं. अलीकडे टॅटूवाल्यांचेही फोन येतात. लोकांना जे मशीन 'बघून घ्या' म्हणून सांगितलं जातं, ते मी मागचा पत्रा काढून आतून बघितलेलं असतं. म्हणून सांगतो, काउंटरमागे मशीन दिसणं हा कशाचाच पुरावा नाही. आत ठेवलेलं सामान खरंच निर्जंतुक होऊन बाहेर आलं का, याचा पुरावा वेगळा असतो. तो मागता येतो, पण मागतं कुणी नाही.

आधी सुईचा विषय संपवतो. सुई धुऊन किंवा उकळून परत वापरायची वस्तूच नव्हे. टॅटूची कार्ट्रिज, पिअर्सिंगची पोकळ सुई, शाईच्या टोप्या, रेझर, ग्लोव्ह्ज हे सगळं एकदा वापरून टाकायचं. साताऱ्यातली बहुतेक पोरं ते टाकतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. गिऱ्हाइकासमोर पाकीट फोडतात, त्यावरचा लॉट नंबर आणि मुदत दाखवतात. लोकांची नजर सुईवर असते, म्हणून सुई नवी असते. माझं म्हणणं उरलेल्या सामानाबद्दल आहे. टॅटू मशीन धरायची स्टीलची मूठ म्हणजे ग्रिप, तिला लागणारी नळी आणि टोक, पिअर्सिंगवाल्याचा कातडी धरायचा चिमटा, रिंग उघडायची पक्कड, नाक टोचताना आतून धरायची रिसीव्हिंग ट्यूब. या वस्तू वर्षानुवर्षं टिकतात, आणि सकाळी एकाचं रक्त लागलेलं असताना संध्याकाळी दुसऱ्याच्या अंगाला लागतात. लोक एचआयव्हीला घाबरतात, पण तो शरीराबाहेर फार टिकत नाही. बी प्रकारच्या काविळीचा विषाणू मात्र वाळलेल्या रक्तात सात दिवस तग धरतो.

एका स्टुडिओतून फोन आला, "काका, मशीनची लाइट लागतीय, पण गरम होत नाही." जाऊन उघडलं तर हीटरवर बोअरच्या पाण्याचा पांढरा थर चढलेला आणि कॉइल जळालेली. असं का झालं हे विचारण्यात अर्थ नव्हता. डिस्टिल्ड पाणी वापरा म्हणून मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, आणि मॅन्युअल प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेरच आलेलं नव्हतं. मी विचारलं, कधीपासून बंद आहे? "झाले असतील दोनेक महिने." मग सामान कशात करता? त्यानं निळा उजेड पडणाऱ्या काचेच्या पेटीकडे बोट दाखवलं. पोरगा लबाड नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की तेही स्टरिलायझरच आहे. विकणाऱ्यानं पेटीवर तसंच छापलेलं होतं.

ही यूव्हीची, म्हणजे अतिनील किरणांची, पेटी सलूनमधून टॅटूच्या धंद्यात आली. तिचे किरण सरळ जातात. जिथे उजेड थेट पडतो तेवढ्याच पृष्ठभागावरचे जंतू ती मारते. चिमट्याच्या दातांमध्ये, पक्कडीच्या बिजागरीत, नळीच्या आत तिचा काही उपयोग नाही. आधीच निर्जंतुक केलेलं पाकीटबंद सामान ठेवायला कपाट म्हणून वापरा, माझी हरकत नाही. स्पिरिटचंही तेच. सर्जिकल स्पिरिटनं टेबल पुसा, कातडी पुसा. धनुर्वाताचे जंतू स्वतःभोवती टणक कवच करून, म्हणजे स्पोअर होऊन बसतात, त्यांना स्पिरिटनं काही होत नाही. नुसत्या उकळत्या पाण्यावरही त्यांच्या बाबतीत भरवसा ठेवता येत नाही. म्हणूनच तर दाबाखालची वाफ लागते.

आता चालू मशीनबद्दल, कारण खरी गंमत तिथेच आहे. नियम असा: दर चौरस इंचाला १५ पौंड दाबाला वाफ १२१ अंशांची होते आणि त्या तापमानाला सामान किमान १५ मिनिटं ठेवायचं. पाकिटात गुंडाळलेलं असेल तर ३० मिनिटं. मोठ्या मशीनमध्ये ३० पौंडांना १३४ अंश मिळतात, तिथे तीन-चार मिनिटांत काम होतं. हे आकडे बहुतेकांना पाठ असतात. पण दाबाचा काटा १५ वर गेला म्हणजे आत १२१ अंश झाले असं नाही. ते फक्त आतली सगळी हवा बाहेर गेली असेल तरच खरं. अर्धी हवा आत राहिली तर त्याच १५ पौंडांना तापमान ११२ च्या आसपास राहतं. हवा अजिबातच काढली नाही, तर काटा १५ वर आणि आत जेमतेम १००. काटा खोटं बोलत नाही, तो फक्त दाब सांगतो. कुकर टाइपच्या ऑटोक्लेव्हला हवा सोडायची एक छोटी तोटी असते. ती उघडी ठेवून वाफेची सलग जोरदार धार येईपर्यंत थांबायचं, मग बंद करायची. घाई असली की लोक आधीच बंद करतात. एका ठिकाणी तर झाकण लावलेला स्टीलचा डबाच आत ठेवलेला होता, चिमटे त्या डब्यात. चिमटे तापले असतील, पण वाफ त्यांच्यापर्यंत पोचलीच नाही, आणि कोरडी उष्णता १२१ अंशांना अर्ध्या तासात काही करत नाही. कोरड्या ओव्हनमध्येच करायचं तर १६० अंशांना दोन तास लागतात.

वेळ मोजण्यातही तीच गत. बटण दाबलं तिथून १५ मिनिटं मोजणारे पुष्कळ. वेळ सुरू होते ती तापमान गाठल्यावर. आणि मधेच लाइट गेली, परत आली, तर उरलेली पाच मिनिटं चालवून भागत नाही. पहिल्यापासून सुरुवात.

टॅटूच्या नळ्या पोकळ असतात, ही आणखी एक अडचण. स्वस्तातली जी मशीन येतात ती बहुतेक एन क्लासची, म्हणजे वाफ आपल्या जोरावर हवेला बाहेर ढकलते. ती उघड्या, भरीव हत्यारांसाठी बनवलेली असतात. नळीच्या पोटातली, पाकिटातली हवा त्यात नीट निघत नाही. त्यासाठी आधी व्हॅक्यूम पंपानं हवा खेचून घेणारं बी क्लासचं मशीन लागतं. दातांचे डॉक्टर आता तेच घेतात. ते महाग आहे, कबूल. पण ज्याला परवडत नाही त्याच्यासाठी सोपा मार्ग आहे: नळ्या आणि ग्रिप डिस्पोजेबल वापरायच्या. कारखान्यात इथिलीन ऑक्साइड वायूनं निर्जंतुक करून पाकीटबंद मिळतात. मग ऑटोक्लेव्हमध्ये चिमटे आणि पक्कडी एवढंच राहतं. टॅटूवाल्यांपैकी बरेच जण तिकडे वळलेत. पिअर्सिंगवाल्यांना मात्र मशीनवाचून गत्यंतर नाही, कारण त्यांना चिमटेही लागतात आणि अंगात घालायचा दागिनाही निर्जंतुक करावा लागतो. काचेच्या शोकेसमधून काढून, स्पिरिटच्या बोळ्यानं पुसून थेट नाकात, हे मी एका दुकानात उभं राहून बघितलंय.

महाबळेश्वरचा किस्सा सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण तो आपल्या जिल्ह्याचाच प्रश्न आहे. तिथे पर्यटकांसाठी टॅटू काढून देणाऱ्या एकाचा जुना कुकर टाइप ऑटोक्लेव्ह दुरुस्तीला आला. गॅस्केट बदललं, सेफ्टी व्हॉल्व्ह साफ केला, इथे वर्कशॉपवर चालवून बघितला, ठीक होता. नंतर तिकडे कामाला गेलो तेव्हा सोबत थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजायची तार होती, म्हणून सहज त्याच्या दुकानात लावून बघितली. काटा बरोबर १५ वर, तापमान ११९ च्या आसपास. मशीनमध्ये काही खोट नव्हती. गेज बाहेरच्या हवेपेक्षा किती जास्त दाब आहे ते दाखवतं, आणि महाबळेश्वर साडेतेराशे मीटर उंचीवर आहे. समुद्रसपाटीला हवेचाच दाब १४.७ पौंड असतो, तिथे तो साडेबाराच्या आसपास. म्हणजे तेवढी तूट आत पडते. तिथे डाळ शिजायला वेळ लागतो, त्याचंच हे भावंड. दोन अंशांचा फरक कागदावर किरकोळ दिसतो, पण जंतू मरायला लागणारा वेळ त्यानं दीडपटीच्या पुढे जातो. साताऱ्यातसुद्धा एखादा अंश कमी पडतोच. उपाय सोपा आहे. महाबळेश्वर-पाचगणीला गेजवर साडेसतरा पौंडांच्या आसपास चालवा, मशीनवर तेवढी परवानगी छापलेली असेल तर. नसेल तर वेळ वाढवा. तापमानावर चालणारी डिजिटल मशीन हे आपोआप सांभाळतात. पण सेकंडहँड कुकर टाइप घेणाऱ्याला हे सांगणार कोण? पुण्या-मुंबईच्या विक्रेत्याला महाबळेश्वरच्या हवेशी काय देणंघेणं.

मशीनच्या आधीच्या कामाबद्दल थोडं. शाई आणि रक्त वाळलेलं सामान तसंच आत टाकलं तर त्या पापुद्र्याखाली वाफ पोचत नाही. आधी गार पाण्यात भिजवायचं, एन्झाइमवाल्या डिटर्जंटमध्ये ठेवायचं, पाण्याच्या आत धरून ब्रशनं घासायचं म्हणजे तोंडावर शिंतोडे उडत नाहीत, मग जमलं तर अल्ट्रासोनिकमध्ये, म्हणजे ध्वनिलहरींनी सामान साफ करणाऱ्या भांड्यात. सुरुवातीलाच गरम पाणी नको, रक्त पक्कं बसतं. मग कोरडं करून पाकिटात. बाहेर काढल्यावर पाकीट ओलं असेल तर ते निर्जंतुक धरायचं नाही, कारण ओल्या कागदातून जंतू आत शिरतात. एवढं सगळं करून शाई पातळ करायला नळाचं पाणी घेणारेही आहेत. तिथे माझं मशीन काय करणार?

आता पुराव्याचं. पाकिटावर किंवा टेपवर एक पट्टी असते, ती काळी झाली की गिऱ्हाइकाला दाखवतात. ती पट्टी एवढंच सांगते की पाकीट मशीनमध्ये जाऊन गरम झालं. किती वेळ, किती अंश, वाफ पोचली का, हे तिला कळत नाही. त्याच्या वरची पायरी म्हणजे आत, सामानाच्या मधोमध ठेवायची पाच क्रमांकाची इंडिकेटर पट्टी. वेळ, तापमान आणि वाफ तिन्ही जुळलं तरच तिचा रंग खुणेपर्यंत सरकतो. ती फार महाग नाही, प्रत्येक लोडला एक लागते. आणि शेवटचा न्याय स्पोअर टेस्टचा. काचेच्या छोट्या कुपीत एका फार चिवट जंतूचे स्पोअर असतात, जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस असं त्याचं नाव. आपल्याला त्याच्यापासून रोग होत नाही, पण उष्णतेला तो सहज दाद देत नाही. कुपी सामानाबरोबर मशीनमध्ये ठेवायची, मग ५५ ते ६० अंशांना एक-दोन दिवस उबवायची. सोबत मशीनमध्ये न घातलेली एक कुपी तुलनेला. मशीनमधली कुपी जांभळीच राहिली आणि दुसरी पिवळी झाली, तर मशीननं काम केलं. मशीनमधलीही पिवळी झाली, तर मशीन बंद ठेवून मला किंवा माझ्यासारख्याला बोलवायचं. बऱ्याच दवाखान्यांत ही चाचणी नेमानं, आठवड्याला होते. टॅटूच्या स्टुडिओत मला ती जवळपास कुठेच आढळली नाही.

एक अपवाद सांगतो, कऱ्हाडचा. पिअर्सिंग करणारी एक मुलगी आहे. तिच्याकडे साधी दोनशे पानी वही आहे. प्रत्येक लोडची तारीख, वेळ, आत काय ठेवलं ते लिहिलेलं आणि शेजारी इंडिकेटरची पट्टी चिकटवलेली. एका पानावर पट्टी अर्धीच सरकलेली होती, बाजूला तिनं लिहिलं होतं, 'लाइट गेली, परत केलं'. मोठमोठ्या दवाखान्यांच्या नोंदी मी बघितल्यात, पण नापास झालेला लोड लपवून न ठेवता असा चिकटवलेला क्वचित दिसतो. कुपी उबवायची सोय कुठे मिळेल हे तिनंच मला विचारलं. तिला मिरजेची लॅब शोधून दिली. कावीळ बी चे तीन डोस तिनं स्वतः घेतलेत आणि मदतनीस मुलालाही दिलेत. सून माझी नाक टोचून आली ती तिच्याकडूनच.

इथे वडीलधारी मंडळी म्हणतील, आमचे कान सोनारानं टोचले, तेव्हा कुठं आलं होतं मशीन? खरं आहे. पण सोनार बाळाच्या कानात सोन्याची नवी तार घालायचा आणि तीच वळवून बाळी करायचा. टोचणारी तार त्याच कानात राहायची, ती दुसऱ्याच्या कानात जात नव्हती. आताच्या फॅन्सी स्टोअरमधली कान टोचायची गन मात्र शंभर कानांना लागते. तिची बॉडी प्लॅस्टिकची, ऑटोक्लेव्हमध्ये घातली तर वितळेल. म्हणून ती पुसतात. कानाच्या वरच्या कूर्चेला तर ती लावूच नये. तिथे रक्तपुरवठा कमी, जखम चिघळली की कानाचा आकारच जातो. आईबापांनी हौसेनं मुलीला नेताना सोनाराकडे जावं नाहीतर नव्या सुईनं टोचणाऱ्याकडे. गनवाल्याकडे नको.

कायद्याचं म्हणाल तर टॅटू स्टुडिओ शॉप अ‍ॅक्टखाली येतो. थोडी माणसं असली की नुसती सूचना दिली तरी चालतं. त्यात मशीनचा प्रश्नच येत नाही. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम दवाखाने, लॅब, रक्तपेढ्या, लसीकरण शिबिरं, अगदी शाळेतल्या प्रथमोपचाराच्या खोलीपर्यंत पोचतात. टॅटूच्या दुकानाचं नाव त्यात नाही. म्हणजे दवाखान्यातली सुई पांढऱ्या न फुटणाऱ्या डब्यात जाते आणि तिच्याच रक्ताची बहीण राधिका रोडवरच्या घंटागाडीत. दुसरीकडे रक्तपेढीला मात्र धोका नीट कळतो. टॅटू काढला किंवा काही टोचून घेतलं की १२ महिने तुमचं रक्त घेत नाहीत. रक्तपेढी सावध राहते, मग नगरपालिका का नाही?

माझी मागणी मोठी नाही. सातारा नगरपालिकेनं आणि जिल्ह्यातल्या इतर पालिकांनी टॅटू-पिअर्सिंगच्या दुकानांची वेगळी नोंद ठेवावी. ऑटोक्लेव्ह वापरणाऱ्याकडून महिन्याला एक स्पोअर टेस्टचा कागद घ्यावा आणि तो दुकानात दर्शनी लावायला सांगावा. साताऱ्यात, कऱ्हाडला, मिरजेला मेडिकल कॉलेजं आहेत. त्यांच्या मायक्रोबायोलॉजी विभागांनी ठरवलं तर कुपी उबवणं त्यांना अवघड नाही. खर्चाचं रडगाणं मला स्टुडिओवाल्यांकडून ऐकावं लागेल, माहीत आहे. पण शिवजयंतीच्या आधी राजमुद्रा काढायला दारात रांग लागते, तेव्हाचा गल्लाही मी बघितलाय. भरतीची तयारी करणारी पोरं तर टॅटू हाताच्या आतल्या बाजूलाच काढा म्हणून सांगतात, सैन्यात तिथला चालतो म्हणून. नियम एवढा पाठ असतो, पण चिमटा कुठून आला हे एकही विचारत नाही. त्यांनी दुकानदाराला एवढंच म्हणावं, "वही दाखवा."

यात्रांचं काय हा प्रश्न उरतो. पुसेगावला, मांढरदेवला, म्हसवडला गोंदणाची दुकानं लागतात. बॅटरीवरचं मशीन, एक वाटी शाई, आणि पुढ्यात बसलेली माणसं एकामागून एक. तिथे ऑटोक्लेव्ह नेता येणार नाही, नेला तरी दिवसभर चालवता येणार नाही. तिथे सुई, नळी, शाईची टोपी सगळं डिस्पोजेबलच असलं पाहिजे, प्रत्येक माणसामागे नवं पाकीट, आणि वापरलेल्या सुया टाकायला जाड डबा. यात्रेत दुकान लावायला जागेची पावती फाडतातच. ती फाडताना दुकानदाराकडे सीलबंद पाकिटं आहेत का हे बघावं. नसतील तर त्याला जागा देऊ नये.

कळावे,

ऑटोक्लेव्ह दुरुस्त करणारा एक कारागीर,
कोडोली, सातारा
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे)